मुंग्यांचं पहिलं वेत



पावसाच्या तोंडावर मला दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो. "काजूवर लाल मुंग्या असल्या की ढेकण्या कमी येतो म्हणतात. मग शेजारच्या आंब्यावरचं घरटं तोडून आणून आपल्या झाडाला बांधलं तर चालेल का?"

मुंग्या म्हणजे त्याच, झाडावर पानं जोडून चेंडूसारखं घर करणाऱ्या. आपल्याकडे कुणी ओंबील म्हणतं, कुणी हुमले. शास्त्रीय नाव ईकोफिला स्माराग्डिना. चावल्या की आठवणीत राहतात.

माझं उत्तर एकच असतं. घरटं आणून बांधलंत तर मुंग्या येतील, पण टिकतील का ते राणीला विचारा. मुंग्यांची फौज एका राणीच्या पहिल्या वेतातून उभी राहते. ही गोष्ट आज सोपी वाटते, पण ती नीट कळायला माणसाला फार काळ लागला. आज थोडा त्याचाच इतिहास सांगतो. तो आपल्या बागेच्या कामाचा आहे.

*बाजारात विकली जाणारी घरटी*

मुंग्या पाळून कीड आवरायची सगळ्यात जुनी लेखी नोंद चीनमधली आहे. जी हान नावाच्या अधिकाऱ्याचं दक्षिणेकडच्या झाडपाल्यावर एक पुस्तक आहे. परंपरेनं त्याचं साल इ.स. 304 धरतात. त्यात जिआओझ प्रांताचं वर्णन येतं, म्हणजे आजचा उत्तर व्हिएतनाम आणि त्याच्या आसपासचा मुलूख. तिथले लोक चटईच्या पिशव्यांत मुंग्या भरून बाजारात विकायचे. डहाळी, पानं आणि पातळ रेशमासारखं घरटं, सगळं एकत्र. मुंग्या तांबूस-पिवळ्या, नेहमीच्या मुंगीपेक्षा मोठ्या. या मुंग्या झाडावर नसतील तर संत्र्याचं एकही फळ धड राहत नाही, असं त्यानं लिहून ठेवलंय.

वर्णन वाचलं की आपल्या ओंबीलच डोळ्यासमोर येतात. जाणकारही तेच सांगतात.

बाराव्या शतकात झुआंग जीयू नावाच्या लेखकानं ग्वांगझोकडची आणखी एक गंमत नोंदवली. तिथे मुंग्या पकडून बागायतदारांना विकणं हा काही घरांचा धंदाच होता. डुकराच्या किंवा मेंढीच्या मूत्राशयाची पिशवी घ्यायची, आत चरबी भरायची, तोंड उघडं ठेवून घरट्याजवळ ठेवायची. मुंग्या आत शिरल्या की तोंड बांधून घेऊन जायचं. पुढे पुढे तर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर मुंग्यांना जाता यावं म्हणून बांबूच्या पट्ट्यांचे पूल बांधायची रीत पडली. पपनसाच्या दाट झाडांत मुंग्यांना थंडीचा आसरा मिळतो, म्हणून संत्र्याच्या जोडीला पपनस ठेवायचे.

आता नीट बघा. घरटं ओळखणं, पकडणं, वाहून नेणं, पूल बांधणं, थंडीत जपणं, सगळं होतं. पण घरटी यायची ती तयार, रानातून. नवी वसाहत सुरुवातीपासून वाढवण्याची गोष्ट या वर्णनांत कुठे येत नाही.

याचं कारण, माझ्या मते, या मुंगीच्या घरातच आहे. मोठी वसाहत झाली की तिची घरटी एका झाडावर मावत नाहीत, अनेक झाडांवर पसरतात. पण राणी बहुधा एकाच घरट्यात असते. तिनं घातलेली अंडी कामकरी मुंग्या तोंडात धरून बाकीच्या घरट्यांत नेतात आणि तिथे वाढवतात. म्हणजे तुम्ही झाडावर चढून एखादं घरटं तोडलंत, तर त्यात मुंग्या असतील, अळ्या असतील, कोश असतील. राणी असेलच असं नाही. आणि नसण्याचीच शक्यता जास्त.

असं पोरकं घरटं काही महिने छान काम करतं. मग आटत जातं. राणीविना कामकरी मुंग्या अंडी घालू शकतात, पण त्यातून निघतात ते सहसा नर. नर शिकार करत नाहीत. म्हशींच्या गोठ्यात सगळे रेडेच जन्मले तर दूध कुठून येणार, तसं हे.

*एकटी राणी काय करते?*

दुसऱ्या टोकाला युरोपात काही माणसं याच प्रश्नाला उलट बाजूनं भिडत होती. त्यांना बाग राखायची नव्हती. त्यांना जाणून घ्यायचं होतं, की वारूळ सुरू होतं कसं.

पहिल्या पावसानंतर पंखवाल्या मुंग्यांचे थवे उडतात ते आपण सगळ्यांनी पाहिलेत. अठराव्या शतकात फ्रान्सच्या रेओम्यूरनं, ज्याच्या नावानं तापमापीची एक मोजपट्टी होती त्यानं, हे उडणं म्हणजे नर-मादीचं मिलन आहे हे ओळखलं होतं. पण मुंग्यांवरचं त्याचं लिखाण छापलंच गेलं नाही. ते हस्तलिखितात पडून राहिलं आणि अमेरिकेच्या विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी 1926 साली प्रसिद्ध केलं. पावणेदोनशेपेक्षा जास्त वर्षं ते ज्ञान धूळ खात होतं.

दरम्यान 1810 साली जिनिव्हाच्या पियेर ह्युबरचं पुस्तक आलं. मिलन झालेली मादी खाली उतरली की स्वतःचे पंख स्वतःच उतरवते, हे त्यानं पाहून लिहिलं. तोवर लोकांना वाटायचं पंख आपोआप गळतात, किंवा कामकरी मुंग्या ओढून काढतात.

तरी मुख्य प्रश्न उरलाच. पंख उतरवलेली ती एकटी मादी, जवळ ना कामकरी, ना चारा, ती पिल्लं वाढवते कशी? कित्येक जाणकार म्हणायचे, हे शक्य नाही. कामकरी मुंग्यांनी तिला घरात घेतलं तरच ती जगत असणार.

याचा निकाल लावला जॉन लबक यांनी. हा माणूस लंडनचा बँकर, पार्लमेंटचा सभासद, डार्विनचा शेजारी. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये मातीचा थर देऊन त्यात तो मुंग्या पाळायचा. ऑगस्ट 1876 मध्ये त्यानं उडणाऱ्या मुंग्यांच्या दोन जोड्या पकडून वेगळ्या ठेवल्या. नरही हिवाळाभर जगले आणि वसंतात मेले. माद्यांनी हिवाळा काढला, वसंतात अंडी घातली. त्यातून अळ्या, मग कोश, आणि जुलै 1877 मध्ये पहिली कामकरी मुंगी बाहेर आली. कुणाची मदत नाही. एका मुंगीच्या जन्मासाठी माणूस जवळजवळ वर्षभर काचेशी बसला होता.

लबकनं पाळलेली एक दुसऱ्या जातीची राणी 1888 पर्यंत जगली. तिचं वय पंधराच्या आसपास धरतात. पुढे युरोपातल्या काळ्या बागमुंगीची राणी पाळलेल्या स्थितीत 28 वर्षांहून जास्त जगल्याची नोंद झाली. आपली गायही इतकी जगत नाही. राणी मोलाची का, ते यावरून लक्षात येईल.

*पंखांचं मांस*

पण ती आणि तिची पिल्लं खातात काय? हे कोडं फ्रान्सचे अभियंते शार्ल जाने यांनी सोडवलं. प्लॅस्टरची घरटी करून मुंग्या पाळायची पद्धत त्यांनीच रुळवली. 1906-07 च्या सुमारास त्यांनी राण्यांची छाती उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ताज्या उडालेल्या राणीच्या छातीत पंख हलवणारे जाडजूड स्नायू भरलेले असतात. पंख उतरवले की हे स्नायू हळूहळू विरघळतात, आणि त्यातला कस अंगातल्या चरबीच्या जोडीला तिच्या पहिल्या पिल्लांच्या पोषणात जातो.

म्हणजे मंडळी, ती पंख नुसते टाकून देत नाही. पुन्हा कधी उडायचं नाही हे एकदा ठरलं, की उडायचं मांस ती लेकरांना घालते. बाळंतिणीच्या अंगावरचं उतरतं असं आपल्या आया म्हणतात, त्याचं हे टोक आहे.

शिदोरी तेवढीच, म्हणून पहिलं वेतही आखूड. पहिल्या कामकरी मुंग्या मोजक्या आणि अंगानं बारीक असतात. नंतर जन्मणाऱ्या मोठ्या बहिणींपुढे त्या फारच किरकोळ दिसतात. पण काम तेच करतात. बाहेर पडतात, पहिला घास आणतात आणि आईला भरवतात. त्या क्षणापासून राणीचं काम एकच, अंडी घालणं.

*विरजण घेऊन निघालेली राणी*

एक उदाहरण ब्राझीलचं सांगतो, कारण शेतकऱ्याला ते चटकन कळतं. तिथे पानं कातरणाऱ्या मुंग्या आहेत. त्या पानं खात नाहीत. पानांचा चोथा करून त्यावर बुरशी पिकवतात आणि ती खातात. मुंगीची शेतीच ती. मग नव्या राणीकडे बियाणं कुठून येतं?

हर्मान फॉन इहेरिंग यांनी 1898 साली दाखवलं, की राणी आईच्या घरातून निघतानाच तोंडातल्या एका छोट्या पिशवीत बुरशीची गोळी घेऊन निघते. जसं नव्या सुनेबरोबर विरजणाची वाटी जावी. अॅमेझॉनच्या मुखावर बेलेमला काम करणाऱ्या जेकब ह्युबर यांनी 1905 मध्ये पुढचं पाहिलं. बंद बिळात पानं नाहीत, तर ही गोळी वाढते कशावर? राणी बुरशीचा बारीक तुकडा उचलते, पोटाखाली धरून त्यावर स्वतःच्या विष्ठेचा थेंब सोडते आणि परत जागेवर लावते. खत घालते, सरळ. आणि घातलेल्या अंड्यांपैकी बहुतेक, ह्युबर यांच्या हिशेबानं दहातली नऊ, ती स्वतःच खाते. पहिल्या अळ्यांनाही अंडीच भरवते.

बुरशीला मात्र ती या काळात तोंड लावत नाही. बियाण्याच्या कणगीला हात लावायचा नाही, हा नियम मुंगीलाही ठाऊक आहे.

*दोन धागे*

फिलाडेल्फियात हेन्री मॅककुक नावाचे पाद्री होते. चीनच्या संत्रा बागांतल्या मुंग्यांची बातमी त्यांच्या वाचनात आली. तिच्यावर त्यांनी 1882 साली, मुंग्या कीड मारायच्या कामाच्या आहेत असं टिपण छापलं. पुढच्याच वर्षी, 1883 मध्ये, सुतार मुंगीची एकटी राणी वसाहत कशी थाटते यावर दुसरं टिपण लिहिलं. दोन्ही धागे एकाच माणसाच्या हातात होते. शेतात त्यांची गाठ बसायला अजून शंभर वर्षं जायची होती.

आपल्या बाजूला, मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात रॉबर्ट रॉटन या वनाधिकाऱ्यानं 1892 साली आपल्याकडच्या मुंग्यांवर लेखमाला लिहिली. म्हणजे मुंबई इलाख्यातल्या मुंग्यांची नोंद तेव्हापासून आहे.

1924 साली ग्रॉफ आणि हॉवर्ड यांनी दक्षिण चीनमधल्या या पाळीव मुंगीवर सविस्तर लिहिलं. तेव्हाही घरट्यांची खरेदी-विक्री चालूच होती. पुढे रासायनिक कीटकनाशकं आली. बाटली बाजारात मिळू लागल्यावर झाडावर चढून चावून घ्यायला कोण तयार होणार? विद्या मागे पडली. ग्वांगझोच्या यांग पेई यांच्यासारख्या संशोधकांनी नंतर ती पुन्हा अभ्यासात आणली. एच. टी. हुआंग आणि यांग यांचा 1987 चा लेख जगभर वाचला गेला.

त्याआधी झांझिबारमध्ये नारळाची फळं अकाली गळायची. मायकेल वे यांनी 1950 च्या दशकात दाखवलं, की ज्या माडांवर या मुंगीची आफ्रिकी बहीण असते, तिथे गळ करणाऱ्या ढेकणाचा त्रास कमी. 1990 नंतर उत्तर ऑस्ट्रेलियात रेनकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन यांनी काजू आणि आंब्याच्या बागांत हीच मुंगी वापरून बघितली. तिथल्या काजूवरही आपल्या ढेकण्याचाच भाऊबंद होता. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात तर संत्रावाले शेतकरी ही मुंगी आधीपासून पाळत होते. मुंग्या असल्या की फळ रसाळ आणि तकतकीत होतं, असं ते सांगत.

या सगळ्यांना अडचण एकच आली. मुंग्या मिळतात, राणी मिळत नाही. मग लबक आणि जाने यांनी काचेआड पाहिलेलं ज्ञान बागेत आलं.

*आपल्या झाडावर काय चालतं*

ओंबीलची राणी पावसाच्या सुरुवातीला उडते. हिरवट अंगाची, कामकरी मुंगीपेक्षा कितीतरी जाड. पंख उतरवून ती एखाद्या वळलेल्या पानात शिरते. हिची पंचाईत बघा. ही जात पानं शिवते ती अळ्यांच्या लाळेतल्या रेशमानं. कामकरी मुंगी अळीला तोंडात धरून माग चालवावा तशी पानांच्या कडांवर इकडून तिकडे फिरवते. पण नव्या राणीजवळ ना अळी, ना कामकरी. त्यामुळे तिला आयतं वळलेलं पानच शोधावं लागतं. तिथे ती काही न खाता अंड्यांवर बसते. अंड्यापासून पहिल्या कामकरी मुंग्या यायला साधारण महिना लागतो. कोळी, दुसऱ्या मुंग्या, पक्षी, वारा, सगळ्यांतून तो महिना निघाला तर घर उभं. बहुतेकींचा निघत नाही.

याच महिन्याला हात द्यायचं तंत्र गेल्या काही वर्षांत बसलंय. उडणाऱ्या राण्या दिव्याकडे येतात त्या धरायच्या, किंवा झाडावर पानांच्या सुरळ्या करून ठेवायच्या आणि त्यात शिरलेल्या राण्या घ्यायच्या. दोन-चार राण्या एकत्र ठेवल्या तर त्या सुरुवातीला एकमेकींना सहन करतात आणि पिल्लं जास्त निघतात. आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे दुसऱ्या वसाहतीतले कोश आणून राणीजवळ ठेवायचे. ऑस्ट्रेलियातले पेंग, डेन्मार्कचे योआकिम ओफेनबर्ग आणि बेनिनमधल्या संशोधकांनी हे करून दाखवलंय. परक्या प्रौढ मुंग्या राणीला फाडून खातील, पण कोशातून तिच्याजवळ जन्मलेली मुंगी तिलाच आई मानते. दुसऱ्या गाईचं वासरू लावून घ्यायचं म्हणजे काय ते गोठा असलेल्याला सांगायला नको. अशा उसन्या लेकींमुळे वसाहत लवकर अंग धरते.

तरीही घाई नाही. झाडभर फौज दिसायला एक-दोन वर्षं धरायचीच.

*मग आपण काय करायचं?*

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. माझं म्हणणं असं:

एक. घरटं आणायचंच असेल तर एकाच वसाहतीची जास्तीत जास्त घरटी आणा, म्हणजे राणी येण्याची शक्यता वाढते. दोन वेगळ्या वसाहतींची घरटी शेजारच्या झाडांवर बांधू नका. त्या एकमेकींशी मरेपर्यंत लढतात आणि तुमच्या ढेकण्याकडे बघायला कुणी उरत नाही.

दोन. जून-जुलैत काजू-आंब्याच्या वळलेल्या पानात एकटी जाड हिरवट मुंगी दिसली तर चुरडू नका. ती पुढच्या काही वर्षांची राखण आहे.

तीन. हे सगळ्यात महत्त्वाचं. जूनमध्ये बसलेल्या राणीचं घर काजूला नवी पालवी फुटते तेव्हा जेमतेम काही महिन्यांचं असतं. आपली पहिली फवारणी नेमकी त्याच वेळी येते. पहिल्या वेताच्या त्या मूठभर बारीक मुंग्या गेल्या की राणीला भरवणारं कुणी नाही, आणि छातीतली शिदोरी तर केव्हाच संपलेली. फवारणी सरसकट सोडा असं मी म्हणत नाही. कर्जाचा हप्ता मुंगी भरत नाही. पण बांधाकडची चार-दोन झाडं राखून ठेवा, जिथे ही घरं मोठी होतील.

आणि खोटं चित्र नको. ही मुंगी चावते, काढणीला मजूर कुरकुरतात. मेकाँगकडचे लोक हातापायाला राख चोळून झाडावर चढतात, तेवढं आपल्यालाही जमेल. ती पिठ्या ढेकूण आणि खवले किडीला गोड रसासाठी सांभाळते, तेव्हा त्यांच्यावर डोळा ठेवावा लागेल.

सोळाशे-सतराशे वर्षं माणसं मुंग्यांची घरटी विकत घेत आली, आणि घर सुरू कुठून होतं ते काचेशी बसलेल्या चार चिकाटीच्या माणसांनी दाखवलं. आपल्याला तर काचही नको. पाऊस लागला की झाडाखाली उभं राहून वळलेली पानं बघायची, एवढंच.

तुमच्या गावात या मुंगीला काय म्हणतात, आणि यंदा पंखवाल्या कोणत्या तारखेला उडाल्या, ते तारखेसकट कळवा. नोंदवहीत एक पान त्यासाठी ठेवलंय.